बंदुकीची कुस्ती

वर्षाच्या तिखटासाठी गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. दुपारी उलथायला गेले, तर मिरच्यांच्या मधोमध एक बाण रुतून उभा. खरा बाण. काळा, लांबलचक, शेपटाला हिरवी-पिवळी पिसं लावलेला. कोल्हापुरात गच्चीवर पतंग येतो, चेंडू येतो, वाऱ्यानं शेजारणीचा परकर येतो. बाण येत नाही. आला तर तो कुणीतरी मारलेला असतो, आणि तो कुणी मारला असणार हे जिना उतरायच्या आधीच माझ्या लक्षात आलं होतं.

आमच्या घराला लागून तालमीचं परडं आहे. तालीम आपली नावालाच. आखाड्यातली तांबडी माती वाळून तिला भेगा पडल्या होत्या आणि मांजरी तिथं बाळंत होत होत्या. पोरं जिमला जायची. तालमीचं काम काय, तर गणपती बसवायचा, फुटबॉलच्या टीमच्या नावानं ओरडायचं आणि उरलेल्या वेळात कॅरम. मग आपल्या जिल्ह्यातली मुलं नेमबाजीत नाव काढायला लागल्यावर कमिटीलाही वाटलं की आपण का मागं राहायचं. वरचा लांब हॉल आणि मागचं परडं मोकळं केलं आणि दारावर पाटी लागली: सार्वजनिक नेमबाजी व धनुर्विद्या शिक्षण केंद्र. आमच्याकडं गणपती सार्वजनिक, नळ सार्वजनिक, नवरा-बायकोचं भांडण सार्वजनिक. तशी बंदूकही सार्वजनिक झाली.

बाण हातात धरून मी तालमीत शिरले. लग्न होऊन या गल्लीत आल्यापासून मी त्या पायरीवर कधी पाय ठेवला नव्हता, कारण बायकांनी तालमीत जायचं नसतं. पण हातात बाण असल्यावर कोण अडवतंय?

परड्यात चार-पाच जण धनुष्य घेऊन उभे होते आणि त्यांना शिकवणारी मॅडम, माझ्या मुलीएवढी, चष्मा लावलेली, रोज जयसिंगपूरहून एसटीनं येणारी. "हा कुणाचा?" मी विचारलं. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं.

"सॉरी काकू," मॅडम म्हणाली. "धारेला उशीर झाला, मग सगळ्यांनी घाई केली."

धारेचा आणि बाणाचा काय संबंध ते मला कळेना. तिनं सांगितलं. परड्याच्या पलीकडं गोठा आहे. बाण ठोकळ्यात घुसला की धप्प आवाज होतो आणि त्या आवाजानं म्हैस पान्हा चोरते. म्हणून गवळ्यानं कमिटीकडं तक्रार केली आणि कमिटीनं ठराव केला की धार निघेपर्यंत कुणी बाण मारायचा नाही. त्यामुळं हे लोक रोज धनुष्य घेऊन म्हशीच्या मर्जीची वाट बघत उभे राहायचे. त्या दिवशी म्हशीनं फारच वेळ घेतला होता.

"म्हणून एवढी मोठी भिंत सोडून माझ्या मिरच्यांत?" मी म्हणाले. "आंधळ्यानं मारला तरी भिंतीला लागेल."

"काकू, तुम्ही मारून बघता का एकदा?"

ती काही टोमणा मारत नव्हती, अगदी सरळ मनानं विचारत होती. मी मारला. दोरी हातावर अशी बसली की दोन बांगड्या फुटल्या आणि बाण माझ्याच पायाशी पडला. सगळे हसले. मला राग आला, आणि मला राग आला की मी जागची हलत नाही, हे माझ्या घरातल्यांना विचारा. मग मॅडम मला वर हॉलमध्ये घेऊन गेली आणि हवेच्या दाबावर चालणारी बंदूक हातात दिली. छऱ्याची बंदूक. दहा मीटरवर हातरुमालाएवढा कागद आणि त्यात काळं वर्तुळ. जमिनीवर आखलेल्या रेषेवर उभं राहून मी नेम धरला आणि छर्रा सोडला. तो काळ्यात लागला. दुसराही लागला.

पण मी तिथं रमले ते त्यामुळं नव्हे. बंदूक खांद्याला लावलेली असताना जिन्यातून कुणीतरी मला हाक मारली, आणि त्या बारीकशा मॅडमनं ओठावर बोट ठेवून त्याला गप्प केलं. "त्या रेषेवर आहेत," ती म्हणाली. "रेषेवर असणाऱ्याशी बोलायचं नसतं." मी बंदूक खाली करून तिच्याकडं बघतच राहिले. आमच्या घरात मी न्हाणीत असले तरी दाराबाहेरून कुणीतरी विचारतं, चहाची पूड कुठं ठेवलीय. आणि इथं माझ्याशी कुणी बोलायचं नाही असा नियम होता! कोल्हापुरात अशी जागा असेल हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला खुळ्यात काढलं असतं. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाक आटोपून परत गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. बायकोच्या हातात बंदूक यावर करता येणारे सगळे विनोद गल्लीनं माझ्या नवऱ्यावर आठवडाभर केले, मग तेही संपले.

आता वस्तादांबद्दल सांगायला हवं.

वस्ताद म्हणजे आमच्या तालमीचे कुस्तीचे गुरू. पंचाहत्तरी उलटलेली, कान मुडपलेले, छाती अजून दारात अडकेल अशी. पण त्यांच्याकडं शिकणारा पैलवान एकही उरला नव्हता. गल्ली त्यांना मान द्यायची आणि त्या मानाचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं. दिवसभर ते तालमीच्या कट्ट्यावर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पोटऱ्या बघायचे. वर केंद्र सुरू झालं तेव्हा त्यांनी बंदुकीला हातच जोडले होते. "उभं ऱ्हाऊन खेळायचा कसला ख्योळ?" म्हणायचे. एकदा कशासाठी तरी वर आले आणि मी नेम धरून उभी होते ती त्यांनी बघितली. मी हलले नाही. तेही हलले नाहीत. मी बंदूक खाली ठेवल्यावर त्यांनी पुढं येऊन माझा खांदा असा दाबून बघितला, जसा बाजारात बैलाचा दाबतात.

"दम हाय," ते म्हणाले. "सूनबाई, आजपास्नं तू माझी पैलवान."

मी त्यांना सांगितलं की मला मॅडम शिकवते. "ती बंदूक शिकीवती," वस्ताद म्हणाले. "अंग कोण बनीवणार?"

दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या दारात खुराक आला. धारोष्ण दूध, भिजवलेले बदाम वाटून, वर तुपाचा गोळा. पैलवानाला देतात तो. वस्ताद स्वतः तांब्या घेऊन उभे. पिऊन होईपर्यंत हलायचे नाहीत. नेमबाजीचं जाकीट म्हणजे कॅनव्हासचं चिलखतच. अंगाबरोबर बेतलेलं लागतं. सैल झालं तरी चालत नाही, घट्ट झालं तरी चालत नाही. पंधरवड्यात माझ्या जाकिटाची बटणं कुरकुरायला लागली आणि मॅडमनं कपाळाला हात लावला. "काकू, दूध बंद करा नाहीतर नेमबाजी." वस्तादांना नाही म्हणायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. मग मी तांब्या हातात घ्यायची, "आत बसून पिते" म्हणायची आणि आत नवऱ्याला द्यायची. खुराक माझा, अंग नवऱ्याला लागलं. हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यामागं बसायला त्याला खुर्ची बदलावी लागली. वस्ताद मात्र माझा खांदा दाबून म्हणायचे, "भरालाय, भरालाय!"

शांततेचा नियम त्यांना पटवायला तर महिना गेला. वस्तादांची कुजबूज गोठ्यापर्यंत ऐकू जायची. मी नेम धरला की मागून, "सोडू नगंस! दाब, दाब!" मॅडमनं समजावलं की इथं बोलायचं नाही. मग ते बोलायचे थांबले आणि छर्रा चांगला लागला की मांडीवर शड्डू ठोकायला लागले. त्या आवाजानं शेजारच्या रेषेवरच्या एका बँकेतल्या साहेबांचा छर्रा छताच्या पंख्यात गेला. तो पंखा अजून वाकडा फिरतो.

खंडेनवमीला कहर झाला. मॅडम सुट्टी घेऊन घरीच राहिली होती. शस्त्रपूजेचा दिवस, आणि गल्लीत इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरी म्हणावी अशी शस्त्रं. वस्तादांनी सगळ्या बंदुका पाटावर मांडल्या, हळद-कुंकू वाहिलं, जोतिबाचा गुलाल लावला आणि प्रत्येक नळीत चिमूटभर अक्षता घातल्या. म्हणजे कुठलीच बंदूक रुसायला नको. दुसऱ्या दिवशी मॅडम आली. बंदुकीच्या मागच्या भिंगातून तिनं बघितलं तर तिला सगळं जग गुलाबी दिसलं. ती खाली बसली आणि रडायलाच लागली. वस्ताद तिच्यासमोर उभे राहिले, गोंधळून. "पोरी, शस्त्राला पूजा न्हाय तर मग कुणाला?" त्यांनी विचारलं. आम्ही सगळ्यांनी चार दिवस दाभण घेऊन नळ्यांतला तांदूळ काढला.

हसायला येतं, पण त्या माणसाला नाही म्हणवत नसे. मी वर जिना चढायला लागले की ते कट्ट्यावरून उठायचे, धोतराचा सोगा झटकायचे आणि माझ्या मागून एकेक पायरी चढायचे. गुडघे कुरकुरायचे. त्यांना परत कुणाच्या तरी मागून चालायला मिळालं होतं.

मग जिल्ह्याच्या संघाची निवड जाहीर झाली. महिलांच्या रायफलला एकच जागा. जी पहिली येईल ती राज्याच्या स्पर्धेला जाणार, बाकीच्यांनी घरी जायचं. आणि निवड आमच्याच हॉलमध्ये होणार होती, कारण मोठ्या ठिकाणी दुरुस्ती चालली होती. मला ती जागा हवी होती. उगाच लाजून काय सांगायचं, मला ती फार हवी होती. शेहेचाळीस वर्षांत माझ्या वाट्याला जे आलं ते कुणाची तरी मुलगी, कुणाची सून, कुणाची आई म्हणून आलं. हे मी माझ्या खांद्यानं मिळवणार होते. रात्री भाकऱ्या थापताना सुद्धा मी श्वास मोजायची.

मॅडमनं त्या दिवसांत मला एकच गोष्ट शिकवली: बंदूक उतरवायला. बाहेरच्याला वाटतं नेमबाजी म्हणजे मारणं. तसं नाही. नेम धरल्यावर काळं वर्तुळ जरा जरी तरंगलं, श्वास जरा जरी चुकला, तर न मारता बंदूक खाली घ्यायची, स्टँडवर टेकवायची, परत उचलायची. "जी उतरवते ती जिंकते," मॅडम म्हणायची. माझ्यासारखीला हे जड. हाती घेतलेलं अर्धवट टाकायचं नाही, असं लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. उतरवायला शिकायला मला मारायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

निवडीच्या दिवशी तालमीला तोरण. खाली रस्त्यावर हलगीवाले आधीच येऊन बसलेले. जिंकल्यावर वाजवायचं, तोवर वाजवायचं नाही, अशी त्यांना तंबी. पुण्याहून पंच आले होते. इस्त्रीचे कपडे, हातात घड्याळ, हळू आवाज. वस्तादांनी त्यांना जिन्यातच गाठलं. "पावणं, न्याहारी झाली का? रस्सा सांगू का?" पंचांनी हात जोडले. मग प्रश्न आला वस्तादांना बसवायचं कुठं. प्रेक्षकांच्या खुर्च्या पार मागं होत्या आणि वस्ताद ऐकेनात. "वस्ताद पैलवानाच्या मागं बसतोय, पावण्यांच्यात न्हाय." मॅडमजवळ प्रशिक्षकाचे दोन पास होते. एक तिनं स्वतःच्या गळ्यात घातला आणि दुसरा नाइलाजानं वस्तादांच्या. "पण बोलायचं नाही," तिनं त्यांना बजावलं. मीही बजावलं. माझ्या नवऱ्यानंही बजावलं, कमिटीच्या अध्यक्षांनीही बजावलं. वस्तादांनी तोंडात उपरण्याचं टोक धरलं आणि मान हलवली.

सकाळच्या फेरीत बऱ्याच जणी गळाल्या. दुपारी शेवटची फेरी. तीत एकेक जण बाहेर पडते आणि शेवटी दोघी उरतात. उरल्या त्या मी आणि गारगोटीची एक दहावीतली मुलगी, दोन वेण्या घातलेली. प्रत्येकीच्या डोक्यावर एक पडदा होता आणि त्यावर गुण दिसत होते. या खेळात दहा म्हणजे पुरं नव्हे, दहाच्या पुढं दशांश असतात, आणि सगळं त्या दशांशांवर ठरतं. दोघींचा एकेक छर्रा उरला तेव्हा मी काही दशांशांनी पुढं होते. मुलीनं आपला शेवटचा मारला. बरा लागला, फार नाही. तिनं बंदूक खाली ठेवली. आता मला एक साधासा चांगला छर्रा मारायचा होता, रोज सकाळी चाळीस-पन्नास मारते तसा, आणि ती जागा माझी होती.

मी बंदूक उचलली. वर्तुळ तरंगलं. मी उतरवली. अंगात एकदम आनंद भरला की बघ, मला उतरवता येतंय. परत उचलली. हात थोडा थरथरत होता, ते चालतं, पण श्वास जमेना. परत उतरवली. वेळ होता. हॉलमध्ये इतकी शांतता होती की खालच्या हलगीवाल्याचा खोकला ऐकू येत होता. मी डोळे मिटले आणि श्वास सोडला.

आता कुस्तीतली एक रीत सांगते, कारण ती माहीत नसेल तर पुढचं कुणाला खरं वाटणार नाही. दोन तोडीचे पैलवान भिडले आणि कुणीच कुणाला चीत करेना, दोघंही दमले, तर जाणता माणूस आखाड्यात उतरतो. दोघांचे हात धरतो, वर करतो आणि कुस्ती बरोबरीत सोडवतो. मग कुणी हरलेलं नसतं. दोघांना फेटे बांधतात, दोघं खांद्यावर बसून घरी जातात. असा हात वर करायचा मान सगळ्यांना नसतो. आमच्या वस्तादांना होता, आणि त्यांनी सोडवलेल्या कुस्तीवर कधी कुणी ब्र काढला नव्हता.

मी डोळे उघडले ते माझा उजवा हात कुणीतरी मनगटाजवळ धरल्यामुळं. वस्ताद माझ्या आणि त्या मुलीच्या मधे उभे होते. एका हातात माझा हात, दुसऱ्यात तिचा. मला काही कळायच्या आत त्यांनी दोन्ही हात आभाळाकडं नेले आणि हॉल हादरेल अशा आवाजात म्हणाले, "बरोबरीत सुटली!"

आणि लोक उठले की हो. सगळे! टाळ्या, शिट्ट्या. पहिली टाळी वाजवली ती त्या मुलीच्या आजोबांनी, गारगोटीहून आलेल्या पटकेवाल्या म्हाताऱ्यानं; त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खालच्या हलगीवाल्यांना वाटलं झालं, आणि त्यांनी जी हाणायला सुरुवात केली ती काही थांबेना. अख्ख्या हॉलमध्ये गप्प होते ते फक्त पुण्याचे पंच, मॅडम आणि मी.

"हे काय चाललंय?" मोठे पंच म्हणाले.

"सोडीवली पावणं," वस्ताद समाधानानं म्हणाले. "दोघीबी वाघिणी. बसा आता, च्या मागीवतो."

पंचांनी त्यांच्या गळ्यातला पास बघितला. त्यावर प्रशिक्षक असं लिहिलेलं होतं. प्रेक्षक असता तर त्याला नुसतं बाहेर काढून खेळ पुढं चालू केला असता, असं ते मॅडमला म्हणाले. पण खेळ चालू असताना प्रशिक्षकानं खेळाडूला हात लावला, म्हणजे दंड. माझे दोन गुण कापले. वस्तादांना दोघा जणांनी आदरानं धरून बाहेर नेलं. ते जाताना हात जोडून सगळ्यांचा नमस्कार घेत गेले, कारण त्यांना वाटलं त्यांना सत्काराला नेतायत.

मग मला शेवटचा छर्रा मारायला सांगितलं. मी बंदूक उचलली. आता काहीही थरथरत नव्हतं. वर्तुळ मेलेल्या माशीसारखं एका जागी चिकटलेलं. छर्रा बरोबर मधोमध गेला. एवढा सुंदर नेम मी आयुष्यात दुसरा मारला नाही आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. दोन गुण ते दोन गुण. जागा गारगोटीच्या मुलीला गेली. ती पोर बिचारी रडत माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला वर उठवलं, "जा, नीट खेळ" म्हणाले, आणि हॉलच्या मागच्या खोलीत जाऊन जाकीट भिंतीवर फेकलं.

मला एवढा राग आला होता की मी कुणाचं ऐकत नव्हते. वस्तादांना चार गोष्टी सुनवायच्याच, मग गल्ली काय म्हणायचं ते म्हणू दे, असं ठरवून मी जिन्याकडं गेले. तर जिन्याच्या वळणावर मॅडम माझ्या आधीच त्यांच्यासमोर उभी होती. ती एरवी मुंगीला दुखवणार नाही. तिचा आवाज चढला होता.

"त्या पुढं होत्या, वस्ताद! वर पडद्यावर दिसत नव्हतं का?"

"त्ये लाल आकडं?" वस्ताद म्हणाले. "त्यातलं मला काय कळतंय? मी तिच्या हाताकडं बघत हुतो. दोनदा उचलली, दोनदा खाली घेतली. गडी दमला की असंच करतोय. मला वाटलं, आता ही पडती."

"खाली घेणं म्हणजेच तर खेळ आहे!"

"हे मला कुणी सांगितलं?" वस्तादांनी विचारलं.

 मी वरच्या पायरीवरच थांबले. सगळ्यांनी त्यांना गप्प बसायला सांगितलं होतं. दहा-बारा जणांनी सांगितलं असेल. खेळ काय आहे ते मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. वस्ताद कठड्याला धरून खाली बसले, पैलवान बसतो तसे नव्हे, म्हातारं माणूस बसतं तसे. "म्हंजे जिकलीती," ते स्वतःशीच म्हणाले. माझा राग गेला नाही. पण तो कुठं ठेवायचा ते कळेना.

खाली वेगळंच चाललं होतं. गल्लीच्या हिशोबानं आम्ही मैदान मारलं होतं. वस्तादांनी इतक्या वर्षांनी कुस्ती सोडवली, तीही आपल्या पैलवानाची, याहून मोठा मान काय असतो? संध्याकाळपर्यंत फ्लेक्स छापून आला. माझा फोटो, वस्तादांचा फोटो, मधे बंदूक, खाली 'ऐतिहासिक लढत बरोबरीत!', आणि त्याखाली गल्लीतल्या झाडून सगळ्या शुभेच्छुकांची तोंडं. मला ओढून बाहेर काढलं, डोक्यावर फेटा बांधला, तोंडाला गुलाल फासला. मी सांगत होते, "अहो, मी हरलेय! दुसरीच आलेय! जागा गेली!" बायका म्हणत होत्या, "असू दे की, किती लाजतीस!" सासूबाईंनी ओवाळलं. नवरा खुराक खाऊन झालेलं ते अंग घेऊन हलगीपुढं नाचत होता.

मिरवणूक तालमीपुढं आली. अध्यक्षांनी वस्तादांसाठी फेटा आणला. वस्तादांनी तो हातानं बाजूला सारला. ते पायरीवर चढले आणि हात वर केला. हलगी थांबली.

"पोरगी जिकलीती," वस्ताद म्हणाले. "मी हरीवली तिला."

 मग मागून एक जण ओरडला, "बघा, ह्याला म्हंत्यात मोठं मन!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

वस्तादांनी परत हात वर केला. "अरं, खरं सांगालोय. ती पुढं हुती. मला आकडं वाचाय येत न्हाईत. मी मधी गेलो म्हणून तिची जागा गेली. चूक माजी हाय."

"वस्तादांचा विजय असो!" लोक म्हणाले. कुणीतरी त्यांच्या अंगावर गुलालाची मूठ टाकली. अध्यक्षांनी डोळे पुसले आणि शेजारच्याला म्हणाले की अशी माणसं आता राहिली नाहीत. वस्ताद तिसऱ्यांदा ओरडून सांगायला लागले, पण त्यांच्या एकेका शब्दाला टाळ्या पडत होत्या आणि त्यांचा आवाज त्यात बुडत होता. सगळ्या कोल्हापुरात जो आवाज कधी बुडाला नव्हता तो. त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली आणि मला शोधलं.

"पैलवान," ते म्हणाले, "तू तरी सांग की ह्यास्नी."

'जाऊ द्या' हे माझ्या जिभेवर होतं. त्या गल्लीत आल्यापासून मी हजारदा म्हटलेलं, सगळ्या बायका म्हणतात ते. म्हटलं असतं तर लोकांनी मलाही मोठ्या मनाची ठरवली असती आणि वस्तादांना ती चूक एकट्यानंच घरी न्यावी लागली असती. मी पायरी चढले. त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि पोटातून आवाज काढला.

"व्हय! मी जिकलते! ती जागा माझी हुती आणि ह्यांनी घालीवली!"

लोकांना तर काय, उधाणच आलं. गुलालाची अख्खी पाटी आमच्या दोघांवर उपडी केली. वस्तादांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मान हलवली, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मग मलाही आवरेना. आम्ही दोघं त्या पायरीवर उभे राहून मोठ्यानं रडत होतो, आणि गल्लीला वाटलं आनंदानं रडतायत, म्हणून हलगी आणखी जोरात सुरू झाली.